बाहेरची कडी

२ एप्रिल, बुधवार

ठरलं! मेच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळ्यांनी बेटावर जायचं. दादाने जेवता जेवता सांगितलं, मीठ मागावं तसं.

मी म्हटलं, "बेटावर? आपण?"

"नाही, शेजारचे जाणारेत. आपण नुसत्या त्यांच्या बॅगा उचलायच्या."

वहिनी हसली नाही. एरवी दादाच्या याहून पडेल विनोदाला ती हसते. आई मात्र ताटावरून उठलीच – "समुद्रावर ना? ओहोटी कधी आहे?" – आणि खरकट्या हाताने दाराकडे निघाली. धरून परत बसवली.

रात्री वहीत ‘द्वीप’ लिहून पाहिलं. वेलांटी दुसरी. तरी शब्दकोशात बघून आलो. बेटच बरं.

५ एप्रिल, शनिवार

सगळी आखणी माझ्याकडे आली. दादा मला मोजपट्टी म्हणतो. "मोजपट्टी, कमीत कमी पैशात चौघांना कसं न्यायचं ते तू काढ. तुझ्याशिवाय कोणाला एवढी चिकाटी आहे?"

खूश झालो. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी दारं-खिडक्यांच्या सामानाच्या दुकानात आहे – कुलपं, कड्या, बिजागऱ्या विकायच्या आणि घरोघर जाऊन बसवून द्यायच्या. सहल कशी आखतात मला काय माहीत! पण काढलं शोधून. बंदरापर्यंत साधी बस. पुढे पर्यटकांच्या लाँचने जायचं नाही, त्यात नुसती लूट. किराणा आणि पत्रे घेऊन जाणारी एक मालवाहू बोट आहे, ती माणसं घेते. अर्ध्याहून कमी भाडं. मेच्या उकाड्यात तिकडे कुत्रं फिरकत नाही, म्हणून खोल्याही स्वस्त. स्वयंपाक आपणच करायचा. स्टोव्ह खोलीत असला म्हणजे झालं.

खोली मीच शोधणार होतो. दादा म्हणाला, "खोली ठरली आहे. तिच्यात डोकं घालू नकोस."

का?

६ एप्रिल, रविवार

आज आई तीनदा दारापर्यंत गेली.

गेल्या महिन्यात ती हमरस्त्यावर सापडली होती, बसच्या पुढ्यात. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून आहे. त्याच दिवशी मी घराच्या दाराला वेगळी कडी बसवली – आधी दाबायची, दाबून धरायची आणि मग फिरवायची. नव्या गोष्टी आईच्या डोक्यात राहत नाहीत, त्यामुळे ही तिला उघडत नाही. ती नुसती चाचपते आणि म्हणते, "हे काय भलतंच लावलंय?" मला फार वाईट वाटतं. पण ती घरात आहे. कडीवर भरवसा ठेवता येतो, माणसावर नाही.

९ एप्रिल, बुधवार

वहिनीच्या फोनवर खोल्यांचे फोटो पाहिले. वहिनी फोन देईना. मी म्हटलं, "स्टोव्ह आहे का बघतो फक्त."

लांबट व्हरांडा, त्याला लागून दोन खोल्या, एक मोठी, एक छोटी. समोर वाळू, तिच्यापुढे पाणी. नारळाची झाडं इतकी वाकलेली की पडतील असं वाटतं. मोठी खोली ठीक. छोटीत एकच खाट. तिच्या दाराला बाहेरून कडी, जुनी, सरकती. बाहेरून कडी कुठल्याही दाराला असते, त्यात काही नाही. पण आतल्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला – आत काहीच नाही! कडी नाही, खटका नाही, पूर्वी असल्याची भोकंसुद्धा नाहीत. आतून बंद न होणारं आणि बाहेरूनच बंद होणारं दार मी आजवर एकाच ठिकाणी बसवलंय. गोदामाला.

"ही छोटी कोणासाठी?"

वहिनीने फोन घेतला. "आईंसाठी. हवेशीर आहे."

११ एप्रिल, शुक्रवार

वहिनीला कापडदुकानात दोन्ही पाळ्या होत्या, म्हणून आईला माझ्या दुकानात नेलं. आमच्याकडे नमुन्यांची फळी आहे – भिंतीवर मोठी लाकडी फळी आणि तिच्यावर हरतऱ्हेच्या कड्या ठोकलेल्या, गिऱ्हाइकाने हाताळून बघायला. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि एका टोकापासून सुरू झाली. सरकती कडी – खट्. साखळीची – खट्. उभी, आडवी, लाकडी खिटी, सगळ्या उघडल्या. बघत खिडकीबाहेर होती, हात आपले चाललेले! फक्त दाबून फिरवायच्यापाशी अडली.

मालक म्हणाले, "अरे, तुझ्याऐवजी हिलाच ठेवतो कामावर. तुझ्यासारखी चार वेळा तपासत तरी बसणार नाही."

सगळे हसले. आईही हसली. मग मला म्हणाली, "तुम्ही कुठले हो?"

१५ एप्रिल, मंगळवार

लिहायला नको, पण लिहितो.

दादा जिन्यात फोनवर बोलत होता. मी वरच्या पायरीवर होतो, त्याला दिसलो नाही. "हो बाई, तीन महिन्यांची औषधं बरोबरच आणतो... नाही, तिला सांगून काय कळणार... धाकट्याला? छे! त्याला आत्ता सांगितलं तर सगळंच मोडेल."

सहल पाच दिवसांची आहे. मीच आखली आहे.

१६ एप्रिल, बुधवार

तीन महिने!

१९ एप्रिल, शनिवार

बोटीच्या एजंटकडे गेलो. चौघांची तिकिटं पक्की आहेत ना, एवढंच विचारायचं होतं. वेळ चुकू नये म्हणून.

तो कानात काडी घालत म्हणाला, "जाताना चार. येताना दोन."

"चूक असेल."

"तुमचे भाऊच सांगून गेले. दोनदा सांगून गेले. आम्ही कशाला चूक करू?"

घरी चालत आलो. बसमध्ये बसवेना. येताना दोन म्हणजे कोण दोन? नवरा आणि बायको, दुसरं कोण! उरलो आई आणि मी. आई विसरते. आणि मी? मी गॅस तीनदा बघतो, मोरीचा नळ उठून उठून बघतो, दादा दमून आला तरी त्याला विचारतो की खालचं दार लावलंस का. परवाच तो ओरडला होता, "तुम्हा दोघांच्या मध्ये माझं भरीत होतंय!" मी हसलो होतो तेव्हा.

बाबा गेले तेव्हा दादा अठराचा होता. शिक्षण सोडून कुरिअरची गाडी चालवायला लागला, आम्हाला पोसलं. त्याला तोंडावर विचारू तरी कसं, की आम्हाला टाकून येणार आहेस का?

२० एप्रिल, रविवार

विचारलं. अर्धवट. "दादा, परतीच्या तिकिटांचं –"

"ते मी बघतो."

"पण एजंट –"

"मोजपट्टी, एक तरी गोष्ट माझ्यावर सोड."

२३ एप्रिल, बुधवार

वहिनी आईचे कपडे भरत होती. पाच दिवसांना एवढे? हिवाळी शालसुद्धा! मी दारात उभा होतो. तिने वर पाहिलं, डोळे ओले.

"भावोजी, तिकडे गेल्यावर यांच्यावर रागावू नका हं. फार विचार करून ठरवलंय त्यांनी."

"काय ठरवलंय?"

"ते सांगतीलच."

शालीची घडी तिने मोडली आणि पुन्हा तशीच घातली.

२७ एप्रिल, रविवार

माझ्या बॅगेत: दोन शर्ट, ही वही, टॉर्च, पेचकस, तेलाची बुधली.

दादाने पाहिलं. "समुद्रावर पेचकस? माशांचे स्क्रू ढिले झालेत का?"

"असू दे. लागतो."

त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. मी बॅगेची चेन लावून टाकली.

३० एप्रिल, बुधवार

मी जात नाही म्हणून हटून बसलो तर? आईला घेऊन दुकानाच्या माळ्यावर राहीन. मालक नाही म्हणणार नाहीत.

पण संध्याकाळी आईने मला नावाने हाक मारली. किती महिन्यांनी! जवळ बसवून सांगायला लागली. तिचं माहेर किनाऱ्यावरचं. पहाटे ओहोटी लागली की बायका-पोरी टोपल्या घेऊन थेट आत चालत जायच्या, गुडघाभर पाण्यातून खडकांपर्यंत, शिंपले काढायला. "आई म्हणायची, सूर्य वर यायच्या आत परत फिरायचं. मी सगळ्यांत पुढे. मला भीती नव्हती." सगळं नीट सांगितलं, एक शब्द न चुकता. मग विचारलं, "जायचं ना आपण?"

काय सांगू? जायचं म्हटलं.

४ मे, रविवार

पोचलो. बोटीत पत्र्यांवर बसून चटके बसले. वहिनीला उलट्या. आई मात्र पुढच्या टोकाला ताठ बसली होती, वाऱ्यात डोळे मिटून, कोणी राणी असल्यासारखी. खलाशी तिला "आजी, धरा" म्हणत होते आणि ती त्यांना म्हणाली, "तूच धर."

बेटावर गाडी नाही. एकसुद्धा नाही. सायकलीचीही घंटा नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं. दादा उतरल्या उतरल्या म्हणाला, "ऐक! काही ऐकू येतंय? नाही ना! बास, हेच पाहिजे होतं मला."

मला ते अजिबात आवडलं नाही.

खोलीवाली बाई पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आईकडे तिने नीट निरखून पाहिलं, बाजारात भाजी बघतात तसं. दादाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं, आणि छोट्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. दादाने मान हलवली.

रात्री मी आईच्या दाराबाहेर चटई टाकली. "आत उकडतं," म्हटलं. कडीला कोणाचा हात लागू दिला नाही.

५ मे, सोमवार

केलं.

सगळे पाण्यावर गेले होते. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिलो. नुसती काढून टाकली असती, पण मग दाराला कडीच राहिली नसती. कोणीही आत घुसेल. म्हणून बाहेरची काढली आणि आतून बसवली. आईची खोली आईने बंद करावी, दुसऱ्या कोणी नाही. दार आत उघडतं, त्यामुळे काही छाटावं लागलं नाही. जुन्या लाकडात स्क्रू घट्ट बसले. बाहेर भोकं उरली, ती अंगाच्या साबणाने बुजवली आणि वर धूळ चोळली. बोटाने चाचपल्याशिवाय कळणार नाही.

गंजून गेली होती कडी. सरकवली की किंचाळायची! दादाला ऐकू गेलं असतं. तेल घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. आता लोण्यासारखी सरकते. मालकांचा नियमच आहे – काम झालं की तेल.

संध्याकाळी आई आत गेली. हात आपोआप कडीवर गेला. उघडली, लावली, उघडली. म्हणाली, "ही बरी आहे. आपल्या घरची आहे." मला बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

आजही चटई दारातच.

६ मे, मंगळवार



दुपारी दादा मला वाळूवर घेऊन गेला. बराच वेळ शिंपल्याने रेघोट्या मारत बसला. मग म्हणाला, "परतीची तिकिटं दोनच आहेत."

"माहीत आहे."

"माहीत आहे? बरोबर, तुला माहीत नसेल असं होईल कसं! एक तुझं, एक हिचं."

"आणि तू? आई?"

"मी राहतोय, आईबरोबर. तीन महिने तरी. नोकरी सोडली मी. इथे धक्क्यावर बोटीचं सामान उतरवायचं काम मिळालंय. डॉक्टर म्हणाले होते ना, गोंगाटाने तिचं वाढतंय. ती बसपुढे उभी राहिली ना रे, त्या दिवसापासून मला गाडी चालवताना प्रत्येक म्हातारी आईच वाटते. दोनदा गाडी फुटपाथवर घातली. इथे एक गाडी नाही. हरवली तरी जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू महिनाभर झोपला नसतास."

"नाहीतरी नाही झोपलो."

"ते दिसतंयच! तोंड बघ, वाळत टाकलेल्या फडक्यासारखं झालंय." आणि पुन्हा टपली. "वेड्या, तुला काय वाटलं? तुला विकायला आणलं?"

मी हसलो. रडलोही थोडा. त्याला वाटलं, त्याच्यासाठी.

परत आलो तर बाई व्हरांड्यात आईचे केस विंचरत होती. बोलता बोलता म्हणाली, "छोट्या खोलीत माझे वडील असायचे. यांच्यासारखेच. पहाटे ओहोटी लागली की चालायला लागायचे, थेट आत. इथली ओहोटी लांबवर जाते, माणसाला वाटतं सगळी जमीनच. आणि पाणी परत येतं ते समोरून नाही, बाजूच्या खाडीने मागून येतं. म्हणून बाहेरून कडी करून घेतली, आणि आतली मुद्दाम केलीच नाही. तुमच्या भावाला पहिल्याच दिवशी सांगितलंय, रात्री लावत जा."

दादा म्हणाला, "दोन रात्री हा पहारेकरी होता ना दाराशी, म्हणून नाही लावली. आज तू मोठ्या खोलीत झोप सरळ. मी लावतो कडी."

मी पटकन म्हटलं, "मी लावतो."

दादा मोठ्या खोलीत अंथरूण घालायला गेला. मी आईच्या दारापाशी उभा राहिलो. साबणाने बुजवलेल्या भोकांवर हात ठेवला. आता पेचकस काढायचा तर सांगावं लागणार, का काढली होती, कोणाच्या भीतीने. आमच्यासाठी ज्याने नोकरी सोडली त्याला हे सांगायचं? आजच?

आतून दादाने विचारलं, "लावलीस?"

"लावली."

सकाळी सगळे पाण्यावर गेले की परत बाहेर बसवतो. दहा मिनिटांचं काम. कोणाला कळणारही नाही. आजची रात्र दारातच आडवा होतो. दादाला म्हणालो, वारा छान आहे. आई मला ओलांडल्याशिवाय जाऊच शकत नाही.

फार झोप येते आहे. किती दिवसांची.

७ मे, बुधवार

जाग आली तेव्हा अंगावर आईची चादर होती. चारी बाजूंनी नीट खोचलेली. दार उघडं.

पाणी परत आलं आहे. दोन होड्या शोधायला गेल्या आहेत. दादा अजून खडकांच्या बाजूला हाका मारतो आहे, आवाज फाटला आहे त्याचा. मघाशी पळत आला आणि मला विचारलं, "कडी तर लावली होतीस ना? मग उघडली कशी? आवाज कसा नाही आला?"

मी कडी पुढे-मागे सरकवून पाहतो आहे. जरासुद्धा आवाज होत नाही.